झाकणाचं माप

माझ्या हातून झालेल्या पहिल्या धड पेटीचं झाकण मे महिन्याच्या शेवटी असं बसलं होतं, की वरून सोडून दिलं तर आतली हवा फुस्स करत बाहेर पडे आणि झाकण सावकाश, पाण्यात बुडावं तसं खाली उतरे. घरातल्या प्रत्येकाला मी ते दोनदोनदा करून दाखवलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. जून सरता सरता तेच झाकण निघेना. नखं लावली, ओलं फडकं गुंडाळून ओढलं (ओलं! तेव्हा तेवढंही कळत नव्हतं), शेवटी फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला. झाकण निघालं ते कोपऱ्याचा सांधा सोबत घेऊन.

पेटी फुटली याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की माप चुकलं होतं. आणि माप हे तर माझं पोटापाण्याचं काम.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याच्या तपासणी विभागात मी २६ वर्षं काढली. लेथवरून, सीएनसीवरून सुटे भाग यायचे, ते पास की नापास हे मी ठरवायचं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज ही माझी हत्यारं. मिलीमीटरचा शंभरावा भाग म्हणजे आमच्याकडे दिसण्याजोगं अंतर. आमच्या खोलीत एसी होता. नव्या पोरांना वाटायचं, तपासणीवाल्यांची मजा आहे. तो एसी लोखंडासाठी होता. मोजमापाचं जगभरचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, कारण पोलादसुद्धा तापलं की वाढतं. १०० मिलीमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला तर साधारण ०.०१२ मिलीमीटरनं. एवढ्याशा वाढीसाठी महिन्याचं विजेचं बिल कंपनी मुकाट्यानं भरायची. ड्रॉइंग आधी येतं, माल मागून येतो, आणि मालानं ड्रॉइंगचं ऐकायचं असतं, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की घरी पोळीचा व्याससुद्धा मी नजरेनं तपासायचो.

लाकडाकडे वळलो ते एका वादळामुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि त्याचा वारा-पाऊस नाशिक जिल्ह्यापर्यंत पोचला. आमच्या बांधावरची जुनी बाभूळ मुळासकट आडवी झाली, घरामागचा कडुनिंब निम्मा मोडला. टाळेबंदीचे दिवस, कारखाना कधी चालू कधी बंद. सरपणवाला येऊन बाभळीचा भाव करून गेला. दुसऱ्या दिवशी मी कापलेल्या तोंडाकडे पाहत बसलो होतो. कडेला पिवळट पांढऱ्या लाकडाचं कडं आणि आत भाजलेल्या विटेच्या रंगाची नार. मी सरपणवाल्याला फोन करून नाही म्हणालो. का, ते मला सांगता आलं नाही. बायकोनं विचारलं, तर म्हणालो, ‘‘पेट्या करीन म्हणतो.’’ पेटी हा शब्द तोंडातून आपसूक आला. तोवर आयुष्यात मी लाकडात खिळादेखील सरळ ठोकला नव्हता.

ओंडक्यातून पेटी करायची म्हणजे आधी ओंडक्याच्या फळ्या व्हायला हव्यात. ट्रॉलीत घालून ओंडके वखारीत नेले. वखारवाल्यानं एकेका ओंडक्यावर हात फिरवला आणि मान हलवली. ‘‘बांधावरचं झाड हाय ना? आत तार असंल.’’ मी म्हणालो, नसणार. तो म्हणाला, ‘‘असली तर करवतीची पट्टी तुमच्याकडून.’’ मी बरं म्हणालो. तिसऱ्या ओंडक्याला असा आवाज झाला की वखारीतले सगळे मागं सरकले. कधीतरी आमच्याच वडिलांनी शेळ्यांपासून पीक राखायला बाभळीला तार गुंडाळली होती. झाड वाढत गेलं आणि तारेला पोटात घेऊन बसलं. तुटलेल्या पट्टीचे पैसे मी भरले. पुढं मी ओंडका आधी लोहचुंबकानं तपासायला शिकलो आणि मनात म्हणालो, चला, तपासणी विभागाचा काहीतरी उपयोग झाला.

लाकूड आणायचं कुठून, याचाही धडा लवकर मिळाला. ओळखीच्या एकाचा आंबा वठला होता, तो तोडून नेऊ का, असं मी विचारून बसलो होतो. बरं झालं, आधी एका जाणत्यानं अडवलं. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती आपल्या मालकीच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नसते. तेव्हापासून माझं लाकूड म्हणजे बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, आणि कुणाच्या जुन्या घराचा वासा किंवा दाराची फळी निघाली तर सागाचा तुकडा.

पहिल्या वर्षी मी जे काही केलं, त्याची यादी सांगायला लाज वाटत नाही, कारण त्यातूनच कळलं. ओंडके अंगणात उन्हात रचून ठेवले, लवकर वाळावेत म्हणून. आठ दिवसांत तोंडांवर चिरा पडल्या, महिन्याभरात त्यात बोट जाईल एवढ्या झाल्या. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा कापलेल्या तोंडातून फार लवकर निघून जातं. टोकं आधी आकसतात, पोट अजून ओलं असतं, आणि त्या ओढाताणीत टोक फाटतं. म्हणून तोडल्या दिवशीच तोंडांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासायचा, फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचायच्या. इंचभर जाडीला वर्षभर धरा, असं जुने लोक सांगतात. मी चार महिन्यांत कामाला लागलो होतो.

दुसरी हौस गोल डबीची. ओंडक्याचा वीतभर तुकडा घ्यायचा, वरून चकती कापून तिचं झाकण करायचं, आतून गिरमिटानं आणि पटाशीनं कोरायचं, साल तशीच ठेवायची. दिसायला इतकी गोड दिसते की नवशिक्या हटकून त्याच वाटेला जातो. मी अशा नऊ डब्या केल्या. नऊच्या नऊ मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत तडकल्या, केकचा तुकडा कापून काढल्यासारखी फट. मला वाटलं, माझं कोरणं चुकतंय. कोरण्याचा काही संबंध नव्हता. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. मध्यापासून कडेकडे थोडं आकसतं, आणि वर्तुळाच्या दिशेनं, म्हणजे वर्षाच्या कड्यांच्या बाजूनं, त्याच्या सुमारे दुप्पट. परीघ त्रिज्येपेक्षा जास्त आकसणार असेल तर वर्तुळ बंद राहणार कसं? ते कुठंतरी उघडणारच. शाळेतल्या भूमितीनं कळण्यासारखी गोष्ट मला नऊ डब्यांनी कळली. आता मी मधला ठिपका ज्यात आहे असा तुकडा पेटीला घेतच नाही.

त्या नऊपैकी एक डबी सुबाभळीची होती. तिला चीर तर पडलीच, शिवाय पावसाळ्यानंतर तिच्याखाली रोज सकाळी पिठासारखा भुसा दिसायला लागला. आत किडा होता. डबी कानाला लावली की कुरकुर ऐकू यायची. मी ती बरेच दिवस टाकली नाही. कारखान्यातला कुठलाही नापास माल माझ्याशी असं बोलला नव्हता.

मग मिस्तरीबाबा भेटले. आमच्या आळीच्या टोकाला त्यांचं घर. हयात बैलगाड्या करण्यात गेली. रबरी टायरच्या गाड्या आल्या तशी लाकडी चाकं गेली, मग दाराच्या चौकटी केल्या, आता डोळ्यांमुळे तेही बंद. मी तडकलेली डबी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात फिरवली, हुंगली आणि विचारलं, ‘‘साहेब, हिला पाणी पाजलं व्हतं का?’’ मला वाटलं, थट्टा करतायत. कंपनीतला म्हणून ते मला साहेबच म्हणायचे आणि त्यात थोडी थट्टा असायचीच.

थट्टा नव्हती. गाडीसाठी बाभूळ तोडली की ते ती कित्येक महिने पाण्यात बुडवून ठेवत, मग सावलीत वाळवत. पाण्यात झाडाचा रस उतरतो, किडा कमी लागतो, आणि नंतर वाळताना लाकूड कमी तडकतं, असा त्यांचा अनुभव. मी गुरांच्या रिकाम्या हौदात दोन ओंडके घातले, वर दगड ठेवले. महिन्याभरात पाणी चहासारखं, मग काळं झालं. वास असा की शेजारच्यांनी एकदा विचारलं, काय मेलंय का. चार महिन्यांनी बाहेर काढून फाडले आणि एका ओल्या फळीवर माझी पोलादी पट्टी रात्रभर विसरलो. सकाळी उचलली तर खाली पट्टीचा हुबेहूब काळा ठसा. बाभळीत टॅनिन भरपूर, तिच्या सालीनं कातडी कमावतात ती त्याचमुळे. ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की शाईच तयार होते. रंध्याची दोन हातभर सालं काढली तरी तो डाग गेला नाही. ती फळी मी अजून ठेवली आहे. लाकडावर लोखंडाचं माप उमटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मिस्तरीबाबांकडून शिकलेली मोठी गोष्ट मात्र चाकाची. लहानपणी आळीत चाकाला धाव बसवताना मी पाहिलं होतं, पण पोराच्या डोळ्यांना फक्त जाळ दिसला होता. आता त्यांनी समजावून सांगितलं. लाकडी चाकावर बसणारी लोखंडाची धाव चाकाहून मुद्दाम लहान करायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, वाढली की सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेटायच्या आत भराभर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि तुंबा, आरे, सगळे सांधे आवळून धरतं. ‘‘किती लहान करायची?’’ मी विचारलं. माझ्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं होतं: व्यास, तापमान, प्रसरणांक.

‘‘दोन बोटं.’’

‘‘कोणाची बोटं?’’

‘‘माझी. चाक मी केलं ना.’’

मी हसलो, पण ते हसत नव्हते. लाकूड किती वाळलंय, महिना कोणता, ते चाक मुरमाच्या रानात फिरणार की काळ्या मातीत, हे सगळं त्या दोन बोटांत होतं. कधी दोन, कधी दोनला थोडं कमी. उन्हाळ्यात लाकूड वाळून चाक खडखडायला लागलं की गडी ते नदीच्या पाण्यात नेऊन ठेवायचे. ‘‘तुमचं लोखंड आगीनं फुगतं, आमचं लाकूड पाण्यानं फुगतं,’’ ते म्हणाले. ‘‘दोघांची झोंबी लावून दिली की चाक टिकतं. एकट्या लाकडाचं माप नसतं, साहेब. त्याच्याबरोबर दिवस पण मोजायचा असतो.’’

फुटलेली पेटी घेऊन मी ज्या दिवशी ओसरीवर बसलो होतो, त्या दिवशी आईनंही तेच सांगितलं होतं, पण तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. सिन्नरच्या कितीतरी घरांची चूल विडीवर पेटली आहे; आमची त्यातलीच एक. संध्याकाळी टेंभुर्णीच्या पानांचे पुडे भिजवायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचे. पान कमी भिजलं तर वळताना तडकतं, जास्त भिजलं तर बुरशी धरतं आणि विडी विझते. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात तपासणारा मूठ मूठ उचलून पाहायचा आणि न आवडलेल्या छाट म्हणून बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत. त्या रांगेत आईचा पदर धरून मी उभा राहिलेलो आहे. पुढं मीच तपासणीवाला झालो, तेव्हा आई काही बोलली नव्हती. फक्त एकदा म्हणाली होती, ‘‘बघून छाट रे बाबा.’’

तर त्या दिवशी फुटलेली पेटी पाहून ती म्हणाली, ‘‘फर्मा माप सांगतो, पण कधी कापायचं ते पान सांगतं. तू पानाला इचारलंच नाही.’’ मी तिला प्रसरणांकाबद्दल काहीतरी ऐकवलं आणि उठून गेलो. घरच्या माणसाकडून शिकणं फार अवघड. तेच मिस्तरीबाबांनी सांगितलं तेव्हा मला ते ज्ञान वाटलं.

मग मी माझ्या पद्धतीनं लाकडाला विचारायचं ठरवलं. कडुनिंबाची एक सपाट फळी घेतली, तिच्या रुंदीवर दोन बारीक रेघा ओढल्या आणि ती पडवीत टांगली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हर्नियरनं त्या दोन रेघांमधलं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. दोन वर्षं न चुकता लिहिलं. मे महिन्यात अंतर ९८.९ मिलीमीटर, ऑगस्टात १००.१. बारा दशांशांचा फरक. ज्या पोलादासाठी आमच्याकडे एसी चालायचा त्याची वाढ ०.०१२, हिची १.२. बरोबर शंभरपट. आणि लांबीच्या दिशेला ओढलेल्या रेघा दोन्ही वर्षं जागच्या हलल्या नाहीत. वही मिटली तेव्हा माझा राग गेला होता. लाकूड मनमानी करत नव्हतं. त्याचा नियम होता, तो फक्त माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता.

तिथून पेट्या बदलल्या. तळाची फळी मी आता चिकटवत नाही. चारही बाजूंच्या आतून खाच पाडून तिच्यात ती मोकळी बसवतो, तिला फुगायला जागा ठेवतो. झाकण रुंद असेल तर एकसंध फळीचं करत नाही. बारीक चौकट करून मध्ये पातळ फळी सोडतो. कोपऱ्यात सगळ्या बाजूंची रेषा एकाच दिशेनं ठेवतो, म्हणजे फुगली तरी चारही बाजू एकत्र फुगतात, एकमेकींना ढकलत नाहीत. हे काही माझे शोध नव्हेत. आमच्या आळीतल्या एका जुन्या वाड्याच्या दाराच्या फळ्या लहानपणी आम्ही खुळखुळ वाजवायचो आणि म्हणायचो, कसलं ढिलं काम केलंय. ते दार अजून सरळ उघडतं. ढिलं होतं म्हणूनच.

त्याच सुमारास एकदा पाहुण्यांना घेऊन सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात गेलो. यादवकाळातलं हे पंचायतन, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू. शेकडो वेळा पाहिलेलं. त्या दिवशी मी नक्षी सोडून सांधे पाहत फिरलो. काळ्या दगडावर काळा दगड, चुन्याशिवाय, घडवून आणि वजनावर बसवलेला. नख जाणार नाही असे सांधे. मला क्षणभर हेवा वाटला त्या पाथरवटांचा, कारण त्यांचा माल दिलेलं माप धरून राहतो. मग देवळाच्या दारात उभा राहिलो आणि ध्यानात आलं की जी घट्ट बसणी इथं शतकानुशतकं टिकली, तीच मी लाकडात केली आणि ती पहिल्या पावसात फुटली. कारागिरी चांगली की वाईट, हे मालाचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

चुका संपल्या असं मात्र नाही. बोथट पटाशीला जोर लावला आणि ती सटकून डाव्या तळव्यात गेली, सात टाके. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार जास्त कापतं, हे ऐकून माहीत होतं, हाताला तेव्हा कळलं. आता दर तासाला दगडावर धार लावतो आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागं ठेवतो. कडुनिंबाची पूड नाकात गेली की दिवसभर शिंका. म्हणून उन्हाळ्यातही तोंडाला मास्क. जवसाच्या तेलाचा हात दिला की बाभळीचा रंग उजळतो, पण पावसाळ्यात ते तेल वाळता वाळत नाही, पेटी आठवडाभर चिकट राहते. आणि त्या तेलाच्या चिंध्या! एकदा सगळ्या बोळे करून बादलीत टाकल्या आणि जेवायला गेलो. परतलो तर जळका वास. हात घातला तर मधला बोळा भाजेल इतका गरम. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटू शकते. आता चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवतो. घरात लाकडाचा भुसा पोत्यानं आहे. त्या दिवशी जेवण थोडं लांबलं असतं तर हा लेख लिहायला मी दुसरीकडेच कुठंतरी बसलो असतो.

विकायला लागलो तेव्हा आणखी वेगळे धडे. पहिली पेटी ३०० रुपयांना दिली, तिला तीन दिवस लागले होते. नोकरीत मी लोकांच्या चुका पैशात मोजायचो, स्वतःच्या दिवसाची किंमत मात्र मला करता येईना. आता जमेल तेवढी सांगतो आणि घासाघीस सुरू झाली की चहा करतो. एक पेटी मुंबईला गेली, तिथून फोन आला, झाकण निघत नाही. दुसरी नागपूरला गेली, तिथून मे महिन्यात फोन आला, झाकण खुळखुळतं. दोन्ही एकाच फळीतून, एकाच दिवशी केलेल्या. आधी मला ओशाळायला झालं. मग मी विचारायला लागलो, पेटी कुठं राहणार आहे? समुद्राकाठी असेल तर फट थोडी जास्त, कोरड्या गावी असेल तर थोडी कमी. किती, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. पोस्टकार्ड आरामात जाईल एवढी, किंवा जरा अडून जाईल एवढी. माझी दोन बोटं म्हणजे हे पोस्टकार्ड.

नोकरी मी ठरल्या वेळेआधी दोन वर्षं सोडली. शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांनी नवा व्हर्नियर भेट दिला. तो मी रोज वापरतो, हे आवर्जून सांगतो. लाकूडकाम म्हणजे अंदाजपंचे, असं म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा मला राग येतो. मिस्तरीबाबांची दोन बोटं अंदाज नव्हती. ती पन्नास वर्षांची वही होती, फक्त कागदावर लिहिलेली नव्हती. माझी वही दोन वर्षांची. मोजणं मी सोडलं नाही. मोजून झालं की गप्प बसायचो, तिथं आता आणखी एक प्रश्न विचारतो, एवढंच.

गेल्या वर्षी आईसाठी बाभळीची एक पेटी केली. आता तिच्यानं विड्या वळवत नाहीत, पण तिची कात्री, पत्र्याचा फर्मा आणि दोऱ्याची गुंडी ती कुणाला टाकू देत नाही. त्या तीन वस्तूंच्या मापाची पेटी. हौदात भिजवलेली, दोन वर्षं सावलीत वाळवलेली बाभूळ. झाकण मे महिन्यात पोस्टकार्डाची फट ठेवून बसवलं. आईनं उघडलं, मिटलं, आणि तपासणाऱ्याच्या चेहऱ्यानं पुन्हा उघडून पाहिलं. मी छाटीच्या रांगेत उभा राहिल्यासारखा उभा होतो. ‘‘ढिलं हाय जरा,’’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘‘पाऊस पडू दे.’’

आमचा तालुका पावसाकडे डोळे लावून बसणारा. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात थोडं बरं, पूर्वेला वावी-पाथऱ्याकडे जावं तसं रान कोरडं, उन्हाळ्यात टँकरची वाट. जूनमध्ये इथं प्रत्येक घरात कुणी ना कुणी ढगांकडे बघून काहीतरी ठरवत असतं. आई आता ढगांकडे बघत नाही. रोज सकाळी उठली की ती पेटीचं झाकण एकदा उघडते आणि मिटते. ‘‘अजून ढिलंच,’’ म्हणते आणि चहाला बसते. मृग कोरडा गेला. आर्द्राचे चार दिवस उलटल्यावर एका सकाळी मी रंधा मारत होतो, तर आतून तिची हाक आली. मी हातातलं काम टाकून धावलो. वाटलं, पडली की काय. ती पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि झाकण दोन्ही हातांनी ओढत होती.

‘‘निघंना रे,’’ ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.